गॅस सगळ्यात शेवटी: जुन्या पोर्शे ९११चा एसी पुन्हा गार होतो तो कसा

मार्च उजाडला की गॅरेजबाहेर पाट्या दिसू लागतात : ‘कार एसी गॅस भरून मिळेल’. गाडीवाला येतो, तासाभरात गॅस भरून जातो, आठवडाभर खूश असतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच दारात उभा राहतो. यातून एक समज इतका पक्का झाला आहे की तो कोणी तपासूनही पाहत नाही. पेट्रोल संपतं तसा एसीतला गॅसही संपतो, असं बहुतेकांना वाटतं.

मागच्या मे महिन्यात माझ्या भाच्याचा ह्यूस्टनहून फोन आला. त्याच्याकडे १९८६ सालची पोर्शे ९११ कॅरेरा आहे. “मामा, दरवर्षी गॅस भरतो आणि जुलैपर्यंत उडून जातो. सगळे म्हणतात, या गाड्यांचा एसी असाच, तो कधीच नीट गार होत नाही. खरं आहे का?”

पुण्यात फ्रिज आणि गाड्यांचे एसी दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. त्याला म्हटलं, “अर्धं खरं आहे. पण आता गॅस भरू नकोस. मी जूनमध्ये येतोय, तेव्हा बघू.” त्या तीन आठवड्यांत आम्ही दोघांनी जे केलं, ते इथे लिहितो आहे. गाडी पोर्शे असली तरी यातलं बरंचसं तुमच्या जुन्या मारुतीलाही लागू आहे.

गारवा तयार होत नाही, उष्णता हलवली जाते

इंजेक्शन देण्याआधी दंडावर स्पिरिट लावतात, तेव्हा ती जागा गार लागते. स्पिरिट काही फ्रिजमधून काढलेलं नसतं. ते उडून जाताना कातडीतली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं तेही असंच. द्रवाची वाफ होताना त्याला उष्णता लागते आणि ती तो जवळच्या वस्तूतून ओढून घेतो.

दुसरी गोष्ट कुकरची. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशाला उकळतं, कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे ते १२० अंशांच्या आसपास जातं. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून ते ९५-९६ अंशालाच उकळतं आणि उघड्यावर डाळ शिजायला वेळ लागतो. म्हणजे दाब बदलला की उकळण्याचं तापमान बदलतं. एसीचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे.

एसीत असा द्रव निवडतात जो साध्या हवेच्या दाबाला उणे २५-३० अंशालाच उकळतो. त्याला आपण ‘गॅस’ म्हणतो, पण अर्ध्या वाटेत तो द्रव असतो. डॅशबोर्डच्या पलीकडे कूलिंग कॉइल असते. तिथे दाब कमी ठेवतात, त्यामुळे गॅस तिथे उकळतो आणि आतल्या हवेतली उष्णता पितो. ही वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. दाबलेली, तापलेली वाफ कंडेन्सरमध्ये जाते, तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. मग ड्रायरमधून, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या छोट्या डब्यातून, एका बारीक झडपेपाशी येते. ही झडप म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. ती दाब एकदम उतरवते आणि फेरी पुन्हा सुरू होते.

या फेरीत गॅस कुठेही जळत नाही, खर्च होत नाही. तोच गॅस फिरत राहतो, विहिरीवरच्या रहाटाच्या पोहऱ्यांसारखा. म्हणून गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी बाहेर पडला आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

इंजिन मागे, डिकी पुढे

आता ‘या गाड्यांचा एसी असाच’ यातलं खरं अर्धं सांगतो. ९११चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं आणि त्या काळात ते हवेने थंड होणारं होतं, पाण्याचा रेडिएटर नव्हता. कॉम्प्रेसर इंजिनाला जोडलेला, म्हणजे तोही मागे. कूलिंग कॉइल मात्र पुढे, काचेच्या खाली. मधे सव्वाचार मीटर लांबीची गाडी. गॅस मागून पुढे जातो आणि पुढून मागे येतो, रबरी पाइपांमधून, गाडीच्या पोटाखालून. साध्या गाडीत हा सगळा प्रवास एका बॉनेटखाली उरकतो.

कंडेन्सर दोन. एक पुढे बंपरच्या खाली, स्वतःच्या पंख्यासह. दुसरा मागे, इंजिनाच्या झाकणातल्या जाळीखाली. या दुसऱ्याची जागा मला पाहताक्षणी खटकली. इंजिनाचा पंखा त्यातूनच हवा ओढतो, म्हणजे वेगात गाडी असताना तो बरा चालतो. पण सिग्नलला गाडी थांबली की पंखा मंदावतो, खालून इंजिनाची धग येते, आणि उष्णता टाकायच्या जागेलाच उष्णता मिळू लागते. तापलेल्या तव्याच्या वर ताट धरून ते थंड व्हायची वाट पाहण्यासारखं आहे हे. शिवाय आतल्या जागेच्या मानाने काचा मोठ्या आणि तिरप्या, ऊन थेट मांडीवर येतं.

इतकं असूनही ही गाडी नवी असताना कामापुरती गार होत होती. मग बिघडलं कुठे, हे समजायला गॅसचा इतिहास थोडा पाहावा लागतो.

आर-१२ गेला कुठे?

१९२०च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे वायू वापरत. ते विषारी होते, काही पेट घेणारे होते. अमेरिकेत थॉमस मिज्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८च्या सुमारास असा वायू शोधला, जो जळतही नाही आणि विषारीही नाही. तो आर-१२. त्या काळाच्या मानाने हे वरदानच होतं. पुढे पन्नास-साठ वर्षं घरचे फ्रिज आणि गाड्यांचे एसी त्याच्यावरच चालले.

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हा वायू वर जाऊन फुटतो आणि त्यातला क्लोरिन ओझोनचा थर खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनचं छिद्र जगासमोर आलं. १६ सप्टेंबर १९८७ रोजी असे वायू थांबवण्यासाठी माँट्रियल करार झाला. अमेरिकेत १९९५ अखेर आर-१२चं नवं उत्पादन बंद झालं. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला आणि २००८ मध्ये आपल्याकडचं उत्पादन थांबलं, फक्त दम्याच्या फवाऱ्यांसाठी लागणारा अपवाद ठेवून. मला हा करार माणसाच्या शहाणपणाचा फार मोठा नमुना वाटतो. धंदा मोठा होता, तरी जगाने तो थांबवला.

त्याच्या जागी गाड्यांत आर-१३४ए आला. त्यात क्लोरिन नाही, ओझोनला धक्का नाही. मात्र पृथ्वी तापवण्यात तोही मागे नाही : एक किलो आर-१३४ए हवेत सोडला तर शंभर वर्षांत तो सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. आर-१२च्या बाबतीत हाच आकडा दहा हजारांच्या वर आहे. दरवर्षी उडून जाणारा गॅस कुठे जातो, याचं उत्तर हे. अमेरिकेत गाडीतला गॅस मुद्दाम हवेत सोडणं कायद्याने गुन्हा आहे, आणि आर-१२ विकत घ्यायला प्रमाणपत्र लागतं.

मग नुसता नवा गॅस भरला तर काय झालं?

भाच्याच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. आधीच्या कुठल्या तरी मालकाच्या काळात एका गॅरेजने गॅस भरायच्या नळ्यांची तोंडं बदलली, आर-१३४ए भरला आणि गाडी परत दिली. बाकी सगळं आर-१२च्या वेळचं.

वरवर पाहता दोन्ही गॅस सारखेच. शून्य अंशाला आर-१२चा दाब सुमारे ३.१ बार, आर-१३४एचा २.९. (आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण १ बार धरा.) म्हणजे गार बाजूला फारसा फरक नाही. पण कंडेन्सरच्या बाजूला, ६० अंशाला, आर-१२ १५.२ बारवर असतो आणि आर-१३४ए १६.८वर. उन्हात, गर्दीत, जिथे कंडेन्सर आधीच रडतो आहे, तिथेच नवा गॅस जास्त दाब मागतो. कॉम्प्रेसर जास्त ताकद लावतो, गारवा मात्र घटतो.

दुसरी अडचण तेलाची. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच पाइपांतून फिरतं आणि परत येतं. आर-१२ खनिज तेलात विरघळायचा, आर-१३४ए विरघळत नाही. मग तेल वाटेत कुठेतरी बसून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो. म्हणून नव्या गॅसला नवं, कृत्रिम तेल लागतं : पॅग किंवा एस्टर. आम्ही जुनाच कॉम्प्रेसर उघडून, त्याचं सील बदलून वापरणार होतो, त्यामुळे एस्टर निवडलं. जुन्या खनिज तेलाचे आणि क्लोरिनचे अंश राहिले तरी ते जास्त सांभाळून घेतं.

भोक नाही, तरी गळती

फुगा फुगवून, घट्ट गाठ मारून ठेवला तरी तीन दिवसांत तो मऊ पडतो. त्याला भोक पडलेलं नसतं, हवा रबरातूनच झिरपते. ९११चे मूळ पाइप तसेच आहेत. आर-१२चा रेणू मोठा, तो हळू झिरपायचा. आर-१३४एचा लहान, तो जास्त झिरपतो. आणि इथे पाइपाची लांबी साध्या गाडीच्या कितीतरी पट. आजच्या पाइपात आतून नायलॉनचा थर असतो, तो ही झिरप अडवतो. एवढा एक बदल करायचा आणि बाकी काही परवडणार नसेल, तरी मी म्हणेन पाइप आधी बदला.

अर्थात खरी गळतीही होती. उरलेला गॅस मशीनने काढून घेतल्यावर आम्ही सगळ्या फेरीत १० बारपर्यंत कोरडा नायट्रोजन भरला. हे काम रेग्युलेटर लावूनच करायचं, सिलिंडरमध्ये दाब शंभर बारच्या वर असतो. मग साबणाचं पाणी आणि ब्रश. भाचा गाडीखाली आडवा, हातात टॉर्च. वीस मिनिटं काहीच दिसेना. मग मागच्या चाकाजवळ, पाइप जिथे धातूच्या टोकात आवळलेला असतो तिथे, मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. “मामा, हा बघ!” असं तो इतक्या जोरात ओरडला की शेजारी बाहेर आले. दुसरी गळती कॉम्प्रेसरच्या दांड्याच्या सीलपाशी. तिथे साबण लागलाही नाही, कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणाऱ्या क्लचभोवती धूळ आणि तेलाचं काळं कडं होतं. तेल बाहेर दिसलं की गॅसही तिथूनच जातो, ही खूण कुठल्याही गाडीवर चालते.

सील का गेलं? दांडा फिरत असला की तेल सीलला ओलं ठेवतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते वाळतं. शौकाच्या गाड्या वर्षातून चार वेळा बाहेर निघतात आणि म्हणूनच त्यांची सीलं जातात.

पाइपांबरोबर सगळ्या ओ-रिंगही (जोडांतल्या गोल कड्या) बदलल्या, नव्या तेलाला टिकणाऱ्या रबराच्या. ड्रायर तर डोळे झाकून नवा. फेरी एकदा उघडी राहिली की त्यातले ओलावा शोषणारे मणी हवेतली ओल शोषून भरून जातात, आणि ह्यूस्टनची हवा जूनमध्ये मुंबईसारखीच असते.

डबा उघडला तेव्हा

कूलिंग कॉइल पुढच्या डिकीत, काचेच्या बाजूला, प्लास्टिकच्या डब्यात असते. तो डबा बहुधा गाडी कारखान्यातून आल्यापासून उघडला नव्हता. वरचं झाकण काढलं तर आत कॉइल दिसेचना. पाइनच्या सुया, वाळलेला पाला, आणि फोमच्या पट्टीचा काळा भुगा, असा हाताच्या जाडीचा थर. फोम चाळीस वर्षांत कुजून पीठ झाला होता. पाणी जायची नळीही त्याच भुग्याने बुजलेली, तळाला गंजाचं पाणी साचलेलं.

एवढ्या थरातून पंखा हवा ढकलणार कशी? गॅस कितीही भरा, कॉइल कितीही गार होवो, तो गारवा माणसापर्यंत पोहोचतच नव्हता. आम्ही कॉइल बाहेर काढली, कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुतली, वाकलेल्या पात्या बारीक दातांच्या कंगव्याने एकेक ओळ सरळ केल्या. यात अख्खा दिवस गेला आणि तीन आठवड्यांतल्या कुठल्याही दिवसापेक्षा या दिवसाने जास्त गारवा दिला, असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट केवळ या जातीच्या गाड्यांत सापडते. हवेने थंड होणाऱ्या ९११चा हीटर एग्झॉस्टभोवती तापलेली हवा आत आणतो. ती अडवणाऱ्या झडपा मागे असतात आणि गंजून अर्धवट उघड्या राहतात. म्हणजे एका बाजूने एसी गार हवा देतोय आणि पायाशी हीटर चालू! आम्ही झडपा आणि त्यांच्या तारा सोडवून नीट बसवल्या.

कंडेन्सर दोन्ही नवे घेतले, पॅरलल-फ्लो जातीचे. जुन्यात एकच नळी नागमोडी फिरते, यात अनेक चपट्या बारीक नळ्या एकाच वेळी काम करतात. त्याच मापात जास्त उष्णता बाहेर जाते. जागेचा दोष त्याने जात नाही, पण बराच झाकला जातो.

‘व्हॅक्यूम मारला’ म्हणजे काय?

सगळं जोडून झालं की आत हवा आणि हवेतला ओलावा असतो. हवा कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, नुसती जागा अडवते आणि दाब वाढवते. ओलावा त्याहून वाईट : एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी त्याचा बर्फ होतो आणि तेल-गॅसशी मिळून तो आम्ल तयार करतो. म्हणून पंपाने आतलं सगळं ओढून काढायचं.

इथे कुकर उलटा आठवा. दाब पुरेसा उतरवला की २५ अंशालाही पाणी उकळतं आणि वाफ होऊन पंपातून बाहेर जातं. यासाठी वेळ लागतो. दहा मिनिटांत काटा खाली गेला म्हणून पंप बंद करणारे खूप पाहिले. काटा हवा गेल्याचं सांगतो, पाणी गेल्याचं नाही. आम्ही पंप दीड तास चालवला, मग बंद करून अर्धा तास काट्याकडे पाहत बसलो. तो हलला नाही.

पुण्यातल्या तरुण मेकॅनिकांसाठी एक सूचना. पुस्तकात काटा पाऱ्याच्या २९-३० इंचांपर्यंत जावा असं लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे तो २८च्या पुढे जाणारच नाही. पंप चांगला असूनही बदललेला मी पाहिला आहे.

आता गॅस, आणि तोही तोलून

गॅस वजनाने भरतात, काटा पाहून अंदाजाने नाही. मूळ आर-१२च्या वजनाच्या ८० ते ८५ टक्के आर-१३४ए, हा सर्वसाधारण हिशेब. आमचे कंडेन्सर बदललेले होते, म्हणून ८० टक्क्यांवर थांबलो आणि पुढे पन्नास-पन्नास ग्रॅम वाढवत आतल्या झरोक्यातलं तापमान पाहिलं. एका टप्प्यानंतर तापमान उतरेना आणि दाब मात्र चढू लागला. तिथे थांबलो. जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा, हा समज मीठ जास्त घातलं की भाजी जास्त चवदार होते म्हणण्यासारखा आहे. ड्रायरवरच्या काचेतले बुडबुडे पाहून गॅस भरायची जुनी पद्धतही इथे फसवते, कारण ती आर-१२साठी होती.

पण असंही विचारतात

‘गाडीचं मूळपण जात नाही का?’ ही तक्रार मला मनापासून कळते. माझं मत असं : गाडीची फेरी पूर्ण घट्ट असेल आणि कायदेशीर आर-१२ मिळत असेल, तर मूळ गॅस ठेवण्यात काही गैर नाही. कंडेन्सर त्याच्याच मापाने बनवले होते. गळकी फेरी मात्र त्या गॅसने भरणं मला पटत नाही. राहता राहिले पाइप, तर नवे बाहेरून जुन्यासारखेच काळे दिसतात.

‘ज्वलनशील गॅस स्वस्त आणि गारही करतो, तो भरला तर?’ प्रोपेन-ब्युटेनची मिश्रणं खरंच चांगली गार करतात, घरच्या फ्रिजमध्ये असा गॅस असतोही. पण तिथे तो थोडासाच असतो आणि फ्रिज कशावर आदळत नाही. इथे कूलिंग कॉइल माणसाच्या गुडघ्यांपुढे आहे. अमेरिकेत गाडीतल्या आर-१२च्या जागी असा गॅस भरायला बंदी आहे, आणि ती योग्य आहे.

‘नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ?’ पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत तो फारच निरुपद्रवी आहे, पण हलका का होईना ज्वलनशील आहे आणि त्याच्या फेऱ्या तशी काळजी घेऊन बांधलेल्या असतात. चाळीस वर्षांच्या गाडीत मी तो भरणार नाही.

‘इंजिनावर ताण?’ कॉम्प्रेसर काही हॉर्सपॉवर घेतो. अमेरिकेत विकलेल्या या इंजिनाची ताकद सुमारे २०० हॉर्सपॉवर आहे. मारुती ८००च्या इंजिनाला घाटात जाणवतं तसं इथे जाणवत नाही.

जुलैच्या पहिल्या शनिवारी दुपारी, बाहेर ३४ अंश असताना, झरोक्यातला तापमापक १९ वरून ७ वर आला. सिग्नलला तो ११-१२ पर्यंत चढायचा. मागच्या कंडेन्सरची जागा तेवढं वसूल करते.

भाच्याने पुढच्या झाकणाखाली नवं लेबल लावलं : गॅस कोणता, किती ग्रॅम, तेल कोणतं, तारीख कोणती. पुढच्या मेकॅनिकला भलतं तेल ओतायची वेळ येऊ नये म्हणून. जुने पाइप त्याने खोक्यात घालून माळ्यावर ठेवले आहेत. आणि सील ओलं राहावं म्हणून दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं एसी चालवतो, थंडीतही. जानेवारीत त्याचा फोटो आला. बाहेर ९ अंश, काचेवर धुकं धरलेलं, फक्त झरोक्यासमोरचा तुकडा स्वच्छ झालेला.